पात्याची उंची

जपानी सुऱ्यांच्या दुकानात सुरीची लांबी विचारावी लागत नाही. किमतीच्या चिठ्ठीवर ती लिहिलेलीच असते. पोलाद कोणतं, घडण कोणत्या गावची, मूठ कोणत्या लाकडाची, हेही बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं. उंची मात्र क्वचितच लिहिलेली दिसते. तोक्योत उएनो आणि आसाकुसा या दोन जुन्या वस्त्यांच्या मध्ये काप्पाबाशी नावाचा रस्ता आहे. खानावळींना लागणारी भांडी, शेगड्या, पाट्या, दुकानाबाहेर मांडायचे खोटे पदार्थ आणि सुऱ्या, सगळं तिथे एका रांगेत मिळतं. तिथल्या काचेच्या कपाटांत भाजीच्या सुऱ्या, म्हणजे नाकिरी, ओळीने मांडलेल्या असतात. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात: टोक नसलेलं चौकोनी पातं, सरळ धार, लांबी १६५ मिलिमीटर. जुन्या जपानी मापात ही साडेपाच सुन होते. एक सुन म्हणजे ३०.३ मिलिमीटर. पण फूटपट्टी आडवी न धरता उभी धरली, तर एक पातं ४५ मिलिमीटर भरतं, दुसरं ५२, तिसरं जवळजवळ ६०. सुरी हाताला आपली वाटते की परकी, हे माझ्या अनुभवात या पंधरा मिलिमीटरांत ठरतं. पोलादावर मंडळी तासन्‌तास बोलतात. शिरोगामी की आओगामी, गंजणारं की न गंजणारं. ते बोलणं मलाही आवडतं, पण घरी आल्यावर रोज संध्याकाळी कोबी चिरताना हाताची गाठ पडते ती उंचीशी.

उंची म्हणजे पात्याच्या पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर, मुठीजवळच्या टाचेपाशी मोजलेलं. नाकिरी ही घरगुती सुरी. तिला दोन्ही बाजूंनी धार असते आणि पातं पातळ असतं. आचाऱ्यांची उसुबा दिसायला तिच्यासारखी, पण ती एकाच बाजूने घासलेली, जड, आणि तिचा मान वेगळा. उसुबाने मुळ्याचा गोल तुकडा हातात फिरवत त्याची कागदासारखी अखंड पट्टी सोलतात, तिला कात्सुरामुकी म्हणतात. ओसाकाकडच्या उसुबाचं टोक विळ्यासारखं गोल वळलेलं असतं, तोक्योकडचं सरळ कापलेलं. ती विद्या शिकायला आयुष्याचा मोठा तुकडा द्यावा लागतो आणि तिथे उंचीचा विचारही निराळा होतो. मी बोलते आहे ती रोजच्या गाजर-कांदा-पालकाची सुरी.

आधी मुठीखालच्या जागेबद्दल. सुरी फळीवर टेकवली की मूठ अधांतरी राहते आणि मूठ धरलेली बोटं तिच्या खाली लोंबतात. त्या बोटांना फळी लागता कामा नये. नाकिरीची मूठ पात्याच्या वरच्या कडेजवळून निघते, आणि तिचा खालचा भाग पाठीच्या रेषेपासून वीसेक मिलिमीटर खाली येतो. त्याखाली बोटाची जाडी, पंधरा ते वीस. पातं ५० मिलिमीटर उंच असेल तर पेरांखाली दहा-पंधरा मिलिमीटर मोकळे राहतात. पातं ४० चं असेल तर जवळजवळ काहीच उरत नाही. मग प्रत्येक चकतीबरोबर पेरं फळीवर आपटतात. दुखण्याइतकी नाही, पण हात तेवढ्याने बिचकतो, धार फळीपर्यंत पुरती पोचवत नाही, आणि काकडीच्या चकत्या खालून एकमेकींना चिकटलेल्या राहतात. काही जण मग नकळत सगळं काम फळीच्या उजव्या कडेला नेतात, म्हणजे मूठ फळीबाहेर राहावी. एवढी मोठी फळी असताना कडेच्या चार बोटांत चिरणारा माणूस दिसला की मी आधी त्याच्या सुरीच्या उंचीकडे बघते.

सुरी नीट धरणारे सांगतात की मूठ मुठीत धरूच नये. टाचेजवळ पातंच अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घ्यावं, बाकीची तीन बोटं मुठीभोवती सैल ठेवावीत. हे खरं आहे. पात्याचा तोल त्याच जागी असतो, आणि उंच पात्यावर चिमटीला ऐसपैस जागाही मिळते. अशा धरण्यात मधलं बोट टाचेच्या मागे सरकून बसतं आणि खालच्या जागेची ओढाताण थोडी कमी होते, पण संपत नाही. शिवाय घरात पंधरा माणसांच्या जेवणासाठी कांदे चिरायला बसलं, की अर्ध्या तासाने चिमटी सुटते आणि हात आपसूक मुठीवर येतो. दमलेल्या हाताची सवय हीच खरी सवय. सुरी निवडताना ताज्यातवान्या हाताने दुकानात दोन वेळा हवेत कापून बघण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आता दुसरा हात, भाजी धरणारा. जपानी शाळांत पाचवीपासून मुलग्यांना आणि मुलींना घरकाम हा विषय असतो. त्यात सुरी हातात देण्याआधी शिकवतात ते मांजराचा पंजा करायला. बोटांची टोकं आत वळवायची, मधल्या बोटाचं पेर पुढे काढायचं आणि पात्याची सपाट बाजू त्या पेराला टेकवून ठेवायची. पातं वर जातं, खाली येतं, पण पेराचा स्पर्श सुटत नाही. पेर किती मागे सरकलं त्यावर चकतीची जाडी ठरते. डोळे मिटूनही एकसारखं कापता येतं ते या स्पर्शामुळे. उंची कामाला येते ती इथे. पातं वर उचलताना धार पेराच्या वर गेली, तर खाली येताना ती पेरावरच उतरणार. बुटक्या पात्याला ही भीती सतत असते, म्हणून हात ते अगदी कंजूषपणे उचलतो. उंच पात्याची धार भाजीच्या वर येते तरी पेराच्या बरीच खाली राहते. पेराला टेकायला पुरेशी भिंत मिळते आणि मन निवांत होतं. उंच नाकिरीने माणूस भरभर चिरू लागतो तो या निवांतपणामुळे.

पण ही भिंत कधी पुरते आणि कधी कमी पडते, हे भाजीवर अवलंबून. गाजर, काकडी, कांद्याची पात, पालक, भेंडी, या सगळ्या ५० मिलिमीटरच्या आत बसतात. जपानी मुळा, दाइकोन, सात-आठ सेंटिमीटर जाड असतो. कोबीचा अर्धा गड्डा त्याहून उंच. नाकिरी त्यात पूर्ण बुडते, पाठ भाजीच्या आत जाते आणि पेराला टेकायला काही उरत नाही. म्हणून इथे जपानमध्ये बायका कोबीचा गड्डा सरळ चिरायला घेत नाहीत. पानं सोडवतात, तीन-चार एकावर एक ठेवून तळव्याने दाबतात किंवा सैल गुंडाळी करतात, आणि मग त्या बुटक्या ढिगाचा धाग्यासारखा कीस पाडतात. मुळ्याच्या आधी चकत्या करतात, त्या फळीवर उतरत्या पसरतात आणि मग सेनगिरी, म्हणजे काड्या. मी आधी समजत होते की हा केवळ नाजूकपणाचा सोस आहे. भाजी पात्याच्या उंचीपेक्षा बुटकी करून घेणं, हा या सगळ्या रीतींमागचा व्यवहार आहे. तळलेल्या डुकराच्या मांसाबरोबर, तोन्कात्सुबरोबर, कच्च्या कोबीचा जो डोंगर वाढतात तो असाच पात्याच्या मापाने तयार होतो. चांगल्या खानावळीत त्याचा एक-एक धागा सुटा असतो.

उंचीचा आणखी एक गुण डोळ्यांना दिसत नाही. नाकिरीची पाठ टाचेपाशी ३ मिलिमीटर जाड आहे आणि तिथून पातं सरळ उतरत धारेपाशी शून्यावर येतं, असं सोपं गणित धरू. उंची ५० असेल तर धारेपासून एक सेंटिमीटर वर पात्याची जाडी ०.६ मिलिमीटर येते. उंची ६० असेल तर त्याच जागी ०.५. पाचरेचा कोन साडेतीन अंशांवरून तीन अंशांच्या खाली उतरतो. गाजर कापताना शेवटी कट्‌ असा आवाज होऊन तुकडा फुटतो, तेव्हा धार बोथट असतेच असं नाही. बऱ्याचदा पातं जाड असतं आणि ते गाजर कापण्याऐवजी फाडत असतं. उंच पातं त्याच पाठीतून अधिक पातळ उतरतं, म्हणून गाजर मुकाट्याने दुभंगतं. प्रत्यक्षात लोहार इतकी सरळ पाचर ठेवत नाहीत. मध्ये हलका फुगवटा ठेवतात, धारेजवळ वेगळा उतार देतात. तरी गणिताची दिशा हीच राहते.

ही उंची येते कुठून? लोखंडाच्या एका तुकड्यातून. फुकुई प्रांतात एचिझेन म्हणून भाग आहे, तिथे ताकेफु हे लोहारांचं गाव. क्योतोहून चियोझुरू कुनियासू नावाचा तलवारी घडवणारा १३३७ साली पाण्याच्या शोधात तिथे आला आणि शेतकऱ्यांसाठी कोयते-विळे घडवू लागला, अशी आख्यायिका आहे. घडीव पात्यांच्या कामांपैकी जपानी सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून पहिली मान्यता दिली ती एचिझेनला, १९७९ साली. १९९३ पासून तिथे काही लोहार एका छपराखाली काम करतात आणि ते काम कुणालाही उभं राहून बघता येतं. आत ठोक्यांचा आवाज छातीत बसतो. मऊ लोखंडाच्या पोटात कडक पोलादाची पट्टी घालून ती तापवतात, ठोकतात. तुकडा तेवढाच असतो. तो लांब करायचा, उंच करायचा की जाड ठेवायचा, हे घणाच्या प्रत्येक ठोक्याला ठरत जातं. पातळ पातं एकटं ठोकलं तर लगेच थंड पडतं, म्हणून एचिझेनचे लोहार दोन पाती एकावर एक ठेवून एकत्र ठोकतात. दोघांची मिळून ऊब टिकते, भट्टीत जास्त तापून बिघडण्याचा धोकाही कमी होतो, आणि दोन्ही पाती सारखी रुंदावत जातात. यातली पोलादाची पट्टी बाहेर दिसते ती फक्त धारेपाशी. वरचं काळं कवच पुष्कळदा तसंच ठेवतात, त्याने गंजही थोडा आवरतो. त्या कारखान्यात उभं राहिल्यावर मला कळलं की उंच पातं पातळ असतं यात नवल नाही. ते पातळ झालं म्हणून तर उंच झालं.

मग साठच काय, सत्तरची का घेऊ नये? चिनी स्वयंपाकघरातली चौकोनी सुरी नव्वद ते एकशे दहा मिलिमीटर उंच असतेच की. तिने ते लोक सगळं करतात, आलं ठेचण्यापासून मासा उचलण्यापर्यंत. पण तिचं वजन आणि तिचं काम वेगळं. नाकिरीचं वजन साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम, आणि तिचा सगळा मोठेपणा हलकेपणात आहे. उंची वाढली की वजन वाढतं, शिवाय पात्याची सपाट बाजूही वाढते. बटाट्याच्या ओल्या चकत्या त्या बाजूला चिकटून वर चढतात, पुढच्या चकतीला ढकलतात. घट्ट भाजीत उंच पातं दोन्ही बाजूंनी आवळलं जातं. काबोचा हा इथला हिरव्या सालीचा लाल भोपळा, हिवाळ्यात सूर्य परतायच्या दिवशी तो घरोघरी शिजतो. त्यात उंच पातळ नाकिरी अडकली की ती वाकडी करून सोडवायचा मोह होतो, आणि तिथेच धारेचा टवका उडतो. भोपळ्याला, सुरणाला, कच्च्या फणसाला नाकिरी नाहीच. त्या कामाला जाड पाठीची दुसरी सुरी हवी. साठच्या वर गेलेल्या नाकिरी मला दिसायला देखण्या वाटतात. पसरट पातं हातात घेतलं की चिरलेली सगळी भाजी एका खेपेत उचलून कढईत टाकता येते, हे सुख आहेच. तरी रोजच्या कामाला ती लांबी-उंची माझ्या मनगटाला जड जाते, आणि जे रोज जड जातं ते कपाटात राहतं.

उंचीचा विचार करताना पात्यापाशी थांबून भागत नाही. खाली फळी आहे, फळीखाली ओटा आहे, आणि ओट्यासमोर उभं शरीर आहे. जपानी ओट्यांच्या उंचीचं मानक ठरलेलं आहे: ८०, ८५, ९० आणि ९५ सेंटिमीटर. आपली उंची निम्मी करून त्यात पाच मिळवायचे, असा घरोघरी माहीत असलेला हिशेब. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईला ८५ चा ओटा. या उभ्या स्वयंपाकघराचं वय मात्र फार नाही. एदो काळातल्या छापचित्रांत बायका जमिनीवर बसून पाय असलेल्या फळीवर मुळा-मासे कापताना दिसतात. त्या काळच्या नाकिरीच्या मागे बसलेलं शरीर होतं. १९५५ साली सरकारी गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं, मग मोठाल्या इमारतींच्या वसाहती आल्या, जेवणाच्या टेबलासह छोटं स्वयंपाकघर आलं, स्टेनलेस स्टीलचं सिंक आलं आणि शहरातली सगळी मंडळी उभी राहून चिरू लागली. याच दशकांत नाकिरीची जागा सांतोकुने घेतली. मांस, मासे, भाजी, तिन्हींना चालणारी, टोकाकडे उतरती पाठ असलेली सुरी. सांतोकु सोयीची आहे, यात वाद नाही. पण तिची उंची टोकाकडे कमी होत जाते, म्हणून पुढच्या निम्म्या पात्याला पेर टेकवण्याचं ते समाधान नाही. नाकिरी टाचेपासून टोकापर्यंत जवळजवळ एकाच उंचीची असते. तिच्यावर माझा जीव आहे तो यासाठी.

आई तोक्योला राहायला आली तेव्हा हे बसण्या-उभं राहण्याचं मला पहिल्यांदा नीट दिसलं. तिचा जन्म विळीवर गेलेला. विळीचं पातं पाटाला घट्ट, पाट पायाखाली घट्ट, आणि हलते ती भाजी. दोन्ही हात भाजीला मोकळे. तिथे मूठ नाही, मुठीखालची जागा नाही, पेराला टेकायची भिंत नाही. बोटं धारेसमोर असतात आणि त्यांना अंतर शिकवलेलं असतं. माझ्या ओट्यापाशी ती आली तेव्हा ८५ चा ओटा, तीन सेंटिमीटरची फळी आणि वर माझी उंच नाकिरी, असं सगळं मिळून तिचा खांदा कानाला लागला. आई १४८ सेंटिमीटर. इथल्या हिशेबाने तिला ७९ चा ओटा हवा.

“अगं, ही सुरी चांगली आहे, पण मी तिच्याखाली उभी आहे,” ती म्हणाली.

मी तिच्या पायाखाली पाट दिला. खांदा उतरला, आणि मग तिने मेथी चिरली. विळीवर ती जुडी धारेवर ढकलते, इथे तिने सुरीच पुढे ढकलली, खाली दाबत-दाबत. नाकिरी चालवायची रीत हीच आहे: वरून आपटायचं नाही, टोक टेकवून झुलवायचं नाही, पुढे सारत खाली न्यायचं. कुणी न सांगता तिच्या हाताला ते आलं. सांतोकुवर वाढलेल्या माझ्या हाताला ते सोडून शिकावं लागलं होतं. मात्र उंच पात्याची तिला गरजच वाटली नाही. तिची बोटं बारीक, मुठीखाली थोडी जागाही पुरे, आणि ती भाजी आधीच लहान जुड्यांत घेते. तिच्यासाठी मग ४७ मिलिमीटरची हलकी नाकिरी घेतली. पुण्याला तिच्या ओट्यावर आता विळी आणि ती सुरी दोन्ही असतात. नारळ, फणस विळीवर. पालेभाजी आणि कोशिंबिरीची काकडी सुरीवर.

उंचीबद्दल एक गोष्ट दुकानात कधीच बोलली जात नाही: ती टिकत नाही. लांबी वर्षानुवर्षं तीच राहते, उंची दगडावर जाते. प्रत्येक वेळी धार लावली की अगदी थोडं पोलाद पाण्यात मिसळून करड्या चिखलासारखं वाहून जातं. जुन्या बाजारात वापरून झिजलेल्या नाकिरी बघायला मिळतात. काहींची उंची अर्ध्यावर आलेली असते, मूठ दोनदा बदललेली, आणि काही ठिकाणी टाचेपाशी लोहाराचा शिक्का धारेला येऊन भिडलेला. त्या पाहिल्यावर समजतं की नवीन पात्याची उंची म्हणजे साठवलेला वापर आहे. ४५ ची नाकिरी घेणारा माणूस मुठीखालची जागा काही वर्षांतच गमावणार. ५५ ची घेणाऱ्याला ती पुष्कळ काळ मिळणार. म्हणून दोहोंत घुटमळणाऱ्याला मी थोडी जास्त उंचीची घ्यायला सांगते. आज ती किंचित मोठी वाटेल. दगड तिला हाताच्या मापावर आणून ठेवतो.

झिजण्याबरोबर दुसरंही काही होतं, आणि ते आधी लक्षात येत नाही. धार वर सरकते, म्हणजे ती पाचरेच्या जाड भागात सरकते. मघाच्याच गणितात, ५० ची नाकिरी झिजून ४० वर आली, तर धार आता तिथे असते जिथे पूर्वी ०.६ मिलिमीटर जाडी होती. धार कितीही चांगली लावा, तिच्या मागे खांदा उभा राहतो आणि गाजर पुन्हा फुटायला लागतं. त्यावर उपाय धारेचा नाही, बाजूंचा आहे. पातं जवळजवळ आडवं धरून खडबडीत दगडावर दोन्ही गाल घासायचे आणि पाचर पुन्हा पातळ करायची. कष्टाचं काम आहे. पाणी काळं होतं, बोटांची टोकं झिजतात, पात्यावर ओरखडे येतात, काळं कवच खालून थोडं निघून जातं. नवी सुरी घेताना कुणी या कामाचा विचार करत नाही, पण उंच आणि पातळ नाकिरीला ते उशिरा लागतं, बुटक्या, जाड नाकिरीला लवकर.

उएनोच्या शिनोबाझु तळ्याकाठी बेन्तेनचं देऊळ आहे. तिथल्या आवारात सुऱ्यांच्या स्मरणार्थ उभारलेला दगड आहे. शेजारी चष्म्यांचा आहे, फुगू माशांचा आहे. या देशात सुया, सुऱ्या, ब्रश, ज्यांनी काम केलं त्यांचे आभार मानायची रीत आहे, आणि काप्पाबाशीहून चालत गेलं तर ते देऊळ फार लांब नाही. आमच्याकडे दसऱ्याला विळी-कोयता धुऊन झेंडूचं फूल वाहतात, तेव्हा मी माझी नाकिरीही पाटावर ठेवते. तिची जागा तिथेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

घरात सुरी एकाच माणसाची नसते, हेही निवडताना धरावं लागतं. माझा नवरा डावखुरा आहे आणि त्याचा पंजा माझ्या दीडपट. उसुबा असती तर त्याच्यासाठी वेगळी, उलट्या बाजूने घासलेली घ्यावी लागली असती, आणि ती महाग पडते. नाकिरीला दोन्ही बाजूंनी धार, म्हणून दोघांना चालते. पण ५० वर त्याची पेरं फळीला लागत होती आणि माझी लागत नव्हती. मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना शाळेतून मांजराचा पंजा शिकून आली तेव्हा तिला सगळ्यांत जास्त उपयोग झाला उंचीचाच. भीती वाटणाऱ्या हाताला टेकायला भिंत हवी असते. म्हणून घरासाठी मी ५४ ची घेतली. नवऱ्याच्या बोटांना जागा, मुलीच्या पेराला भिंत, आणि माझ्या मनगटाला पेलवेल इतकं वजन. आईची वेगळी.

गेल्या काही महिन्यांत या ५४ च्या नाकिरीवर गाजर फुटायला लागलंय. धार केसाला लागते, तरी फुटतं. टाचेपाशी मोजलं तर पातं ५१ भरलं. बाजू घासून पातळ करायचं काम मी स्वतः करू शकते, पण पातं सारखं उतरवणं, मध्ये खळगा न पाडता टाचेपासून टोकापर्यंत एकाच मापाने, ते माझ्या हातात अजून नाही. म्हणून ती आमच्या भागातल्या म्हाताऱ्या धार लावणाऱ्याकडे नेली. त्याने ती उजेडाकडे धरली, टाचेकडून टोकाकडे नजर फिरवली, नखाने बाजूवर एक रेघ ओढल्यासारखं केलं आणि विचारलं, “तुम्ही हिने काय-काय कापता?” मी सांगितलं: कोबी, मेथी, कांदा, गाजर, मुळा. भोपळा नाही, त्याला दुसरी आहे. हाड नाही, गोठलेलं काही नाही. “मग बरीच पातळ करता येईल,” तो म्हणाला, “पण मग भोपळा खरंच नाही हं.” मी हो म्हटलं, आणि एवढंच सांगितलं की जे काढायचं ते बाजूंवरून काढा, उंचीतलं लागेल तेवढंच घ्या, घरात मोठा पंजा आहे.